विषय क्रमांक सात : मिरच्यांचा ठसका

आमच्या घरी पानाच्या डाव्या बाजूला जे वाढतात त्याच्यावरच घर चालतं. उजवीकडच्या मंडळींचं काही खरं नाही. भाजी करपते, आमटी पाणचट होते, पोळ्या तर आठवड्यातून चार दिवस होतच नाहीत. डावीकडची चौकडी मात्र बरणीत सदैव तयार : लसणाची कोरडी चटणी, कारळाची चटणी, मेतकूट आणि ठेचा. यांना कुठेही कामाला लावा, कुरकुर नाही. सकाळच्या ब्रेडला लोणी फासून वर लसणाची चटणी भुरभुरली की तो ब्रेड एकदम घरातला होतो. कारळाची चटणी दह्यात कालवली की कोशिंबीर केल्याचं समाधान मिळतं, आणि केल्याचे कष्ट वाचतात. मेतकूट गरम भातावर, गार भातावर, आणि भात नसेल तर तळहातावर. ठेच्याबद्दल मी काही बोलत नाही. तो स्वतः बोलतो.

ऑफिसच्या कँटीनमध्ये तर मी खिशात एक छोटी बाटली घेऊनच जातो. उकडलेला बटाटा समोर आला की आजूबाजूला बघून दोन चिमटी सोडतो. चौदा वर्षं हे चाललंय. आमच्या विभागात माझी ख्याती ‘जेवताना औषध घेणारा’ अशी आहे, आणि अधूनमधून कुणीतरी सहानुभूतीने तब्येत विचारतं. मीही ‘बरं आहे, उतार पडतोय’ म्हणतो.

तर गेल्या मार्चात या चौकडीवर बंदी यायची वेळ आली. ती टाळताना माझी जी शोभा झाली ती मी क्रमाने मांडतो. क्रमाने मांडणं हा माझा धंदाच आहे. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या बाहेर पंप बनवणारी एक कंपनी आहे, तिथे मी गुणवत्ता तपासतो. घरी पंप नसतात, त्यामुळे शेजारी तपासतो. त्यासाठी एक वही आहे. इमारतीतल्या प्रत्येकाला एक पान, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. उदाहरणार्थ समोरच्या दाराचे हेर, म्हणजे श्रीयुत, शुस्टर, निवृत्त ट्रामचालक. जमा : बर्फ पडला की आमच्याही वाट्याचं लोटतात. नावे : लोटताना आमचं नाव घेऊन बडबडतात. बायकोला, म्हणजे सुलेखाला, ही वही आवडत नाही. ती म्हणते, “जयंत, तुझं स्वतःचं पान कुठाय त्यात?” मी म्हणतो, तपासनीस स्वतःला तपासत नसतो.

आता घडलं ते असं. माझ्या सासूबाई, मालिनीताई, तीन महिन्यांसाठी बार्शीहून आल्या होत्या. आल्या त्या दिवशीच त्यांनी आमच्या बरण्या उघडून पाहिल्या, वास घेतला आणि नुसतंच “बरं,” म्हणाल्या. त्या ‘बरं’चा अर्थ ज्याला सासू आहे त्याला कळेल. पुढच्या मंगळवारी सुलेखा नोकरीवर कार्ल्सरूहेला, मी पंपांपाशी, आमची मुलगी उर्जा शाळेत. सासूबाईंनी घर ताब्यात घेतलं, लोखंडी तवा तापवला आणि त्यावर पाव किलो लवंगी मिरच्या टाकल्या.

वाचकांच्या माहितीसाठी सांगतो : आमच्या इमारतीत सहाही स्वयंपाकघरांचा धूर एकाच उभ्या बोगद्यातून छपरावर जातो. जातो म्हणजे, वारा नीट असला तर जातो. त्या दिवशी वारा वरून खाली होता.

तळमजल्यावर हेर लाउटनश्लेगर आंघोळीच्या टबात होते. या गृहस्थांनी गावातल्या रासायनिक कारखान्यात छत्तीस वर्षं काढली. आमच्या गावात भोंगा वाजला की खिडक्या लावून घरात बसायचं आणि रेडिओ लावायचा, हे पोरांनाही पाठ असतं. पण भोंगा न वाजता घराच्या आतूनच घशाला झोंबायला लागलं तर काय करायचं, हे फक्त लाउटनश्लेगरांना माहीत होतं. ते टॉवेलवर कोट चढवून बाहेर आले, नाकाला ओला रुमाल लावला, दारं ठोठावत अख्खी इमारत रिकामी केली, सगळ्यांना अंगणात वाऱ्याकडे तोंड करून उभं केलं आणि अग्निशमन दलाला फोन लावला. ‘अज्ञात वायू,’ ते म्हणाले, ‘बहुधा क्लोरीनयुक्त.’

मला शुस्टरांचा फोन आला. इथे एक गोष्ट सांगायला हवी, इच्छा नसली तरी. माझ्या कंपनीत मी आगीच्या वेळी लोकांना बाहेर काढणारा अधिकृत स्वयंसेवक आहे. नारिंगी जाकीट आहे, प्रमाणपत्र आहे. बरोबर आठ दिवस आधी मी बारा सहकाऱ्यांना ‘घरातील निष्काळजीपणा’ या विषयावर अर्धा तास सुनावलं होतं. आणि आता मी सायकल मारत घरी पोचतो तर दारात लाल बंब, आणि माझ्या पाठपिशवीत ते नारिंगी जाकीट.

अंगणात सगळे हजर होते. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, डील, वय एक्याऐंशी, गाऊनमध्ये मांजर कवटाळून. पहिल्या मजल्यावरचं क्रेमर जोडपं बाळासकट. शुस्टर हातात अर्धवट सोललेला बटाटा घेऊन. आणि सासूबाई साडीवर सुलेखाचा जाड कोट घालून, बुटात, सगळ्यांना हाताने “बसा, बसा” करत होत्या. बसायला काही नव्हतं. अग्निशमन दलाचा प्रमुख आमच्या स्वयंपाकघरात हातात मोजणीचं यंत्र धरून उभा होता. यंत्र म्हणत होतं, काहीही नाही. आणि यंत्र धरणारा ढसाढसा रडत होता.

“मिरच्या आहेत,” मी म्हणालो.

“फक्त?” त्याने विचारलं.

“फक्त.”

“यांचं काय करणार तुम्ही?”

“खाणार.”

त्याने अहवालात काय लिहिलं मला माहीत नाही. लिहायला त्याला वेळ मात्र बराच लागला.

जाताना लाउटनश्लेगर माझ्याजवळ आले. टॉवेलवर कोट असूनही माणूस ताठ होता. “हेर जयंत,” ते म्हणाले, “कारखान्यात यासाठी मी माणसाला घरी बसवलं असतं.” मी म्हणणार होतो की सासूबाई घरीच बसलेल्या असतात, प्रश्न तोच आहे. पण जर्मनमध्ये जुळवाजुळव करेपर्यंत ते आत गेले.

आठवड्याने पत्र आलं. इमारतीचा कारभार पाहणाऱ्या हेर वेंडेल यांच्याकडून, मालकांच्या वार्षिक सभेची कार्यक्रमपत्रिका. विषय पाच, छपराची पन्हळ. विषय सहा, तळघरात बेवारस पडलेली सायकल. विषय सात, हेर लाउटनश्लेगर यांचा प्रस्ताव : ‘इमारतीत दाहक वाफा निर्माण करणारी मिरची अथवा तत्सम पदार्थ भाजण्यास कायमची बंदी.’ मूळ जर्मनमध्ये ‘दाहक वाफा निर्माण होणे’ हा एकच शब्द होता आणि तो पुढच्या ओळीवर गेला होता.

पत्र मी हळू आवाजात सुलेखाला वाचून दाखवलं. सासूबाईंना जर्मन येत नाही, पण आपल्याविषयी पत्र आलंय हे कळायला भाषा लागत नाही. त्या दिवशी संध्याकाळी पानात उकडलेला दुधी आला. दुसऱ्या दिवशी मुगाचं पाणी. डावी बाजू रिकामी. मीठसुद्धा त्यांनी बेताने वाढलं, जणू तेही उडून खाली जाईल.

तिसऱ्या दिवशी त्या सुलेखाला म्हणाल्या, “माझं तिकीट अलीकडे घेता येईल का बघ गं. माझ्या हातानं लोकांना बाहेर उभं राहावं लागतंय थंडीत. लहान लेकरू होतं त्यांच्यात.”

“आई, असं काही नाही,” सुलेखा म्हणाली.

“जयंतरावांच्या नोकरीवर काही आलं म्हणजे?”

“नोकरीचा काय संबंध?” मी म्हणालो.

“नाही, ते बंबवाले आगीचे, आणि तुम्ही पण आगीचे. ऑफिसात कळलं म्हणजे?”

ऑफिसात कळलेलं होतं. पण ते मी सांगितलं नाही. उर्जाने आजीच्या गळ्यात हात टाकला आणि जर्मनमध्ये म्हणाली की तू गेलीस तर मी या घरात जेवणार नाही. ही आमची तेरा वर्षांची मुलगी मराठी सगळं समजून घेते आणि उत्तर जर्मनमध्ये देते; आजीला जर्मन कळत नाही आणि ती उत्तर मराठीत देते; दोघींचं उत्तम चालतं.

तेव्हा प्रश्न साधा होता. सभेत हरलो तर आमच्या स्वयंपाकघरात या जन्मी मिरची भाजली जाणार नव्हती, आणि सासूबाई दीड महिना आधी, मान खाली घालून, बार्शीला परतणार होत्या.

मी वही काढली. आमच्या इमारतीत मतं माणसांची मोजत नाहीत, जागेची मोजतात. सगळ्या इमारतीचे हजार भाग, आणि ज्याचं घर जेवढं तेवढे त्याचे. लाउटनश्लेगर, बागेसकट : दोनशे चौदा. सहाव्या घराचा मालक बारा महिने स्पेनमध्ये ऊन खात असतो, त्याचे दीडशे. त्याने आपला मताचा हक्क लिहून लाउटनश्लेगरांच्या हवाली केलेला. म्हणजे तीनशे चौसष्ट तिकडे आत्ताच गेले. आमचे एकशे बहात्तर. राहिले क्रेमर एकशे सहासष्ट, शुस्टर दीडशे, फ्राऊ डील एकशे अठ्ठेचाळीस. बेरजा सगळ्या बाजूंनी करून पाहिल्या. तिघांतला एक जरी तिकडे गेला तरी आम्ही बुडालो. तिघेही हवेत.

मी रुपेशला फोन लावला. रुपेश माझा मावसभाऊ. कायझर्सलाउटर्नला डॉक्टरेट करतो. सातवं वर्ष आहे. स्वतःचा प्रबंध सोडून बाकी कुठल्याही विषयावर तो तयार असतो.

“दादा, वकील कर,” तो म्हणाला. “नाहीतर कोळशाचा फिल्टर बसव. नाहीतर मिरच्या भाजायला माझ्याकडे घेऊन ये.”

“तुझ्या वसतिगृहात?”

“आमच्या प्रयोगशाळेत धूर खेचणारं कपाट आहे. रविवारी कुणी नसतं.”

प्रयोगशाळेच्या कपाटात ठेचा ही कल्पना सुलेखाने माझ्या हातातून फोन काढून घेऊन संपवली.

तोडगा सासूबाईंनीच काढला, तोही नकळत. त्या म्हणाल्या, “जायच्या आधी त्या लोकांना काहीतरी द्यायला हवं. उभं केलं त्यांना. तिखटाबद्दल वाईट वाटू नये कुणाला.” आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. वही होतीच. इमारतीत कोण रोज काय खातं ते मला पाठ होतं, कारण वेष्टणांच्या पिवळ्या पिशव्या गुरुवारी फाटकापाशी ठेवतात, त्या पारदर्शक असतात, आणि मला डोळे आहेत. फ्राऊ डील रोज संध्याकाळी उकडलेला बटाटा आणि क्वार्क खातात. क्वार्क म्हणजे आपला चक्का, साखर घालायचा राहून गेलेला. क्रेमर आठवड्यातून पाच वेळा नूडल्स. शुस्टर सॉसेज आणि परतलेले बटाटे.

मी सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि क्षणात वाटणी केली. “त्या म्हातारीला मेतकूट. तिला तिखट नको, तिला चव हवीय. या वयात जिभेला काही लागत नाही. चक्क्यात कालवायला सांगा. लेकुरवाळीला लसणाची चटणी, वेळ नसतो बिचारीला, वरून टाकली की झालं. आणि त्या बर्फवाल्याला ठेचा.”

“आणि खालच्यांना?” सुलेखाने विचारलं.

“खालच्यांना काही नाही,” मी म्हणालो. “शत्रूला रसद देत नसतात.”

मिरच्या भाजायला बंदी अजून झाली नव्हती, पण सासूबाई हिंमत करेनात. शेवटी जुन्याच बरण्यांतलं, बंब यायच्या आधीचं, काढलं. मुरंब्याच्या तीन रिकाम्या बाटल्या भरल्या. मी प्रत्येकीवर जर्मनमध्ये चिठ्ठी चिकटवली : काय आहे, कशावर घ्यायचं, किती घ्यायचं. शुस्टरांच्या चिठ्ठीवर ‘किती’च्या खाली मी दोनदा रेघ मारली. उर्जा आणि आजी दोघी जाऊन बाटल्या देऊन आल्या. सासूबाई परत आल्या त्या खुशीत होत्या. “म्हातारी हात धरून उभी राहिली माझा. काय बोलत होती कोण जाणे, पण बोलत होती.”

मी तीन पानांवर बारीक जमा टाकली.

आठवडा गेला. आणि मग एका सोमवारी संध्याकाळी मी घरी आलो तर दारातल्या पायपुसण्यावर शुस्टरांची बाटली. धुतलेली, लखलखीत, झाकण वेगळं वाळवून शेजारी ठेवलेलं. आत काही नाही. मंगळवारी फ्राऊ डीलची. तिच्यावरची माझी चिठ्ठीसुद्धा खरवडून काढलेली. बुधवारी क्रेमरांची, तीही कोरी करकरीत.

सासूबाईंनी तिन्ही बाटल्या ओट्यावर एका ओळीत मांडल्या आणि स्टुलावर बसल्या.

“रिकाम्या?” त्या म्हणाल्या.

त्यांनी तिन्ही बाटल्या एकेक करून उजेडाकडे धरून पाहिल्या.

“अहो, साखरेचे चार दाणे तरी टाकायचे. एक लिंबू. काही नाही तर एखादं फूल. रिकामं भांडं परत करतात का कुणी? म्हणजे तुमचं नको आणि आमचं द्यायचं नाही.”

मला बार्शीत राहावं लागलेलं नाही, पण मीही त्याच गावंढळ नियमात वाढलोय. आमच्या आईने शेजारच्यांचा डबा कधी रिकामा पाठवला नाही. घरात काहीच नसलं तर ती डबा दोन दिवस ठेवून घ्यायची. रिकामा डबा म्हणजे भाषण न करता दिलेला नकार. आणि इथे तर चिठ्ठीही खरवडली होती! माझ्या अक्षराचा ठिपकासुद्धा ठेवला नव्हता. चौदा वर्षं या देशात राहून मी इथलं काहीही वाचू शकतो : कराचं पत्र, रेल्वेच्या विलंबाची सूचना, डॉक्टरचा चेहरा. पण त्या तीन बाटल्या मी सासूबाईंच्याच डोळ्यांनी वाचल्या.

उर्जा फ्रिज उघडत म्हणाली, “इस्ट डोख नॉर्माल, पापा.” यात काय विशेष, सगळेच असं करतात, अशा अर्थाचं. आम्ही तिला म्हटलं, मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये.

मी वहीत तीन पानांवर नावेच्या बाजूला एकेक मोठी नोंद टाकली. हजारांपैकी आमच्या बाजूला एकशे बहात्तर. त्यातही सुलेखाचा अर्धा हिस्सा, आणि ती माझ्यावर चिडलेली. रुपेश म्हणाला, “दादा, शरणागती पत्कर. पण हरायच्या आधी स्वतःहून. त्यात रुबाब राहतो.” त्याच्या सात वर्षांत त्याने दिलेल्या सल्ल्यांपैकी हा पहिला मला पटला.

सभा एका गास्टहाउसच्या, म्हणजे खानावळीच्या, मागच्या खोलीत होती, संध्याकाळी साडेसहाला. सासूबाई म्हणाल्या, मी पण येते. गुन्हा माझा आणि शिक्षा जयंतरावांनी एकट्यानं ऐकायची, हे बरं दिसत नाही. त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या. पण दारातच लाउटनश्लेगरांनी बोट वर केलं. सभा फक्त मालकांची. परक्या व्यक्तीला बसता येत नाही. वेंडेलांनी कायदा उलगडला आणि खेदाने मान हलवली. त्यामुळे सासूबाई बाहेरच्या हॉलमध्ये, काचेच्या दारापलीकडे, लिंबूसरबताचा पेला पुढे घेऊन बसल्या, आमच्याकडे तोंड करून. आरोपी बाहेर आणि खटला आत, असा देखावा होता.

छपराच्या पन्हळीवर पन्नास मिनिटं गेली. बेवारस सायकल शुस्टरांचीच निघाली, त्यात वीस. मग वेंडेल म्हणाले, “आल्झो, तर विषय क्रमांक सात.” लाउटनश्लेगर उठायच्या आत मी उठलो. भाषण लिहून नेलं होतं. इतकं शुद्ध जर्मन मी आयुष्यात बोललेलो नाही.

“आदरणीय शेजारीहो,” मी म्हणालो, “त्या मंगळवारी झालेल्या त्रासाबद्दल मी आणि माझं कुटुंब दिलगीर आहोत. आम्ही पाठवलेल्या पदार्थांबद्दलही आपण आपलं मत स्पष्ट शब्दांत, म्हणजे शब्दांवाचून, कळवलं. त्याचा आम्ही आदर करतो. मतदानाची गरज नाही. उद्यापासून आमच्या घरी मिरची भाजली जाणार नाही आणि चटणी होणार नाही. माझ्या सासूबाई लवकरच मायदेशी परत जात आहेत.”

मी बसलो. बाहेर काचेपलीकडे सासूबाईंनी पेला टेबलावर ठेवला.

“एक क्षण,” शुस्टर म्हणाले. “होणार नाही म्हणजे? माझी बाटली?”

“तुमची बाटली पोचली. आभारी आहे.”

“पोचली ते मला माहितीय! मागच्या आठवड्यात सोमवारीच ठेवली! तेव्हापासून मी सॉसेज नुसतं खातोय!”

“पण तुम्ही ती,” मी म्हणालो, “रिकामी परत केलीत.”

शुस्टरांनी दोन्ही हात पसरले. “रिकामी नाही तर काय भरलेली परत करायची?”

“धुतलीसुद्धा,” फ्राऊ डील म्हणाल्या. आवाज कापत होता, पण चांगलाच तापलेला. “आणि तुमचा तो कागद! दोन रात्री पाण्यात भिजवला तेव्हा निघाला. भरायला द्यायची बाटली कुणी मळकी देतं का? माझे यजमान वारल्यापासून बटाटा मला बटाट्यासारखा लागला नव्हता, हेर जयंत. त्या पिवळ्या पावडरीने लागला.”

फ्राऊ क्रेमर म्हणाली, “आम्हाला वाटलं यादी असेल, नंबर लागायचा असेल, म्हणून विचारलं नाही. आज नऊ दिवस झाले. आमचं पिल्लू तर ती चटणी शेवटी बोटाने पुसून खात होतं.” शेजारी हेर क्रेमर लाल झाला. पिल्लू म्हणजे बाळ नव्हे हे तेव्हा सर्वांना कळलं.

माझं काय झालं ते सांगत नाही. मी इतकंच म्हणालो, “गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’. सुलेखाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि मराठीत पुटपुटली, “उर्जाने सांगितलं होतं.”

लाउटनश्लेगर उठले. भाषणाने प्रस्ताव रद्द होत नाही, प्रस्ताव माझा आहे, मतदान झालंच पाहिजे, ते म्हणाले. वेंडेलांनी मान डोलावली. मतदान झालं. बंदीच्या बाजूने तीनशे चौसष्ट. विरुद्ध सहाशे छत्तीस. मीही विरुद्ध हात वर केला. दोन मिनिटांपूर्वी दिलेला शब्द मी इतक्या आनंदाने कधीच मोडला नव्हता.

हरलेला माणूस बसेल असं मला वाटलं होतं. पण लाउटनश्लेगरांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं. “बंदी नाही तर मग नियम,” ते म्हणाले, आणि उभ्या उभ्या मसुदा सांगितला : मिरच्या भाजणे फक्त शनिवारी, दहा ते बारा. जिन्यात अठ्ठेचाळीस तास आधी सूचना. रस्त्याकडची खिडकी उघडी, धुराचा पंखा तिसऱ्या वेगावर. तो ठराव एकमताने झाला. स्पेनमधल्या मालकाच्या हातानेसुद्धा.

मी बाहेर धावलो. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, पदर दोन्ही हातांत घट्ट.

“आई, जिंकलो! त्यांना अजून हवंय! बाटल्या भरायला पाठवल्या होत्या!”

त्यांना दोन वेळा सांगावं लागलं. मग त्या म्हणाल्या, “भरायला? मग तसं लिहायचं नाही का बाई!” आणि पदर नीट करत, “किती मतांनी?”

“सहाशे छत्तीस विरुद्ध तीनशे चौसष्ट.”

त्यांनी काचेतून आतल्या सात डोक्यांकडे पाहिलं. “एवढी माणसं राहतात आपल्या इमारतीत?”

तिकीट बदललं नाही. गुरुवारी सकाळी मी जिन्यात सूचना लावली; उर्जाने तिच्यावर लाल मिरचीचं चित्र काढलं, त्याखाली लाउटनश्लेगरांनी पेन्सिलीने ‘अनावश्यक’ असं लिहिलं. शनिवार उजाडला. सासूबाई आंघोळ करून ओट्याशी आल्या, मिरच्यांची देठं काढायला बसल्या आणि तेवढ्यात बार्शीहून त्यांच्या बहिणीचा, प्रभामावशींचा, फोन आला. सभेची हकिगत पहिल्यापासून सुरू झाली. ती पन्हळीपाशी पोचली असेल-नसेल तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात लाउटनश्लेगर. इस्त्रीचा शर्ट, हातात घड्याळ. मी जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं. अंगणात शुस्टरांनी घडीचं टेबल मांडलं होतं. त्यावर कॉफीचा थर्मास आणि केक. फ्राऊ डील मांजराची टोपली मांडीवर घेऊन शालीत बसलेल्या, क्रेमर मंडळी बाबागाडीसकट, सगळ्यांचे रुमाल बाहेर. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे.

“हेर जयंत,” लाउटनश्लेगर म्हणाले, “सूचनेत दहा लिहिलंय. आम्ही नऊ अठ्ठावन्नपासून खाली आहोत. आता दहा वाजून सात मिनिटं झाली. अजून काहीच येत नाही.”

“जयंतराव, कोण आहे हो?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“तक्रार आहे, आई.”

“आता कसली?”

“ठसका वेळेवर आला नाही म्हणतायत.”

आतून फोन ठेवल्याचा आवाज आला. मग गॅस पेटवल्याचा, आणि तव्यावर मिरच्या पडल्याचा. काही क्षण गेले. लाउटनश्लेगरांच्या नाकपुड्या हलल्या, डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि खाली अंगणातून टाळ्या ऐकू येत असताना त्यांनी छातीतून एक जोरदार ठसका दिला, डोळे पुसले आणि घड्याळ पाहिलं.

“दहा अकरा,” ते म्हणाले. “पुढच्या शनिवारी वेळेवर.”